गेमची कंपनी विकली गेली तर आपल्या खात्याचं काय होतं? 'रियल क्रिकेट'च्या निमित्ताने सविस्तर माहिती



मार्च २०२५ मध्ये गेमिंगच्या जगातली एक बातमी आली. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने नॉटिलस मोबाईल या आपल्या महाराष्ट्रातल्या गेम स्टुडिओत नियंत्रण हाती येईल एवढा हिस्सा विकत घेतला. सौदा सुमारे १.४ कोटी डॉलरचा, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपयांचा. नॉटिलस हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल, पण या स्टुडिओची 'रियल क्रिकेट' मालिका तुमच्या नाही तर तुमच्या शेजारच्या मित्राच्या फोनमध्ये नक्की कधीतरी होती. आणि क्राफ्टन म्हणजे तीच कंपनी, जी आपल्याकडे बीजीएमआय चालवते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनचा. झरी-जामणी तालुका, वणीच्या पुढे, तेलंगणाची हद्द जवळ. इकडे संध्याकाळी पानठेल्याजवळ पोरं दोनच गेम खेळताना दिसतात, एक बीजीएमआय आणि दुसरा क्रिकेटचा कुठला तरी. बातमी कळल्यावर एका मित्राने विचारलं, "काहून बे, आता आपलं क्रिकेट बी बीजीएमआयवाल्यायनं घेतलं म्हंते. मंग माह्या टीमचं काय?" प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. गेमचा मालक बदलतो तेव्हा खात्याचं, विकत घेतलेल्या मोडचं, आपल्या डेटाचं नेमकं काय होतं, हे आज नीट समजून घेऊया.

रियल क्रिकेट आतापर्यंत कोणाकोणाच्या हातात होतं?

नॉटिलस मोबाईलची सुरुवात २०१३ मध्ये अनुज मानकर यांनी केली. तेव्हा मोबाईलवर चांगला क्रिकेट गेम मिळणं कठीणच होतं. पुढे रियल क्रिकेटच्या १७, १८, १९, २०, २२, २४ अशा आवृत्त्या येत गेल्या. यातल्या रियल क्रिकेट २० मध्ये जुने वर्ल्ड कप आपल्या हाताने पुन्हा खेळायचा 'रोड टू वर्ल्ड कप' मोड होता. मालिका २५ कोटींहून जास्त वेळा डाउनलोड झाल्याचं कंपनी सांगते.

म्हणजे हा गेम पहिल्यांदाच विकला गेला असं नाही. २०२० मध्ये पुण्याच्या जेटसिंथेसिस कंपनीने नॉटिलस घेतली होती. ही तीच कंपनी, जिने २०१७ मध्ये सचिन तेंडुलकरवरचा 'सचिन सागा' गेम आणला. मग २०२२ मध्ये क्राफ्टनने नॉटिलसमध्ये सुमारे ५४ लाख डॉलर गुंतवले आणि २०२५ मध्ये थेट नियंत्रण घेतलं. आपण खेळत होतो त्या काळात गेमचा वरचा मालक दोनदा बदलला. पहिला बदल किती जणांच्या लक्षात आला होता? माझ्या ओळखीत तरी कोणाच्याच नाही. मी स्वतः या मालिकेचा जुना चाहता आहे, त्यामुळे २०२५ ची बातमी मात्र टोचली. पुण्याची कंपनी घेते तेव्हा घरातल्या घरात वाटतं, परदेशातली मोठी कंपनी घेते तेव्हा आपलं काहीतरी गेल्यासारखं वाटतं. पण भावना बाजूला ठेवून पाहिलं, तर महत्त्वाचा प्रश्न मालक कुठल्या देशाचा हा नसून नेमकं काय विकलं गेलं हा आहे.

'गेम विकला' म्हणजे नेमकं काय विकलं?

हे तीन वेगवेगळ्या प्रकारे होतं आणि तिन्हीचा खेळणाऱ्यावर होणारा परिणाम वेगळा असतो.

पहिला प्रकार म्हणजे कंपनीचे शेअर विकणं. याला आमच्या गावातलंच उदाहरण आहे. २०१६ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशनने रिलायन्स सिमेंट ही कंपनी विकत घेतली, पुढे तिचं नाव आरसीसीपीएल झालं. मुकुटबनचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला तो याच आरसीसीपीएलचा. पाटीवरचं नाव बदललं, वरचे साहेब बदलले, पण कायद्याच्या नजरेत कंपनी तीच राहिली. तिने केलेले करार, तिची देणी, तिच्या परवानग्या आपोआप रद्द झाल्या नाहीत. नॉटिलसचंही असंच. आपण गेम टाकताना 'मान्य आहे' म्हणून ज्या अटींवर टिचकी मारली, तो करार नॉटिलसशी होता. नॉटिलसचे शेअर दुसऱ्याकडे गेले तरी करार नॉटिलसशीच राहतो. म्हणून सौदा झाला त्या दिवशी फोनमध्ये काहीच बदललं नाही.

दुसऱ्या प्रकारात कंपनी तशीच राहते आणि फक्त गेम विकला जातो. मार्च २०२५ मध्येच याचं मोठं उदाहरण घडलं. नियांटिक कंपनीने पोकेमॉन गोसह आपला गेमचा धंदा स्कोपली कंपनीला ३.५ अब्ज डॉलरला विकायचं जाहीर केलं. स्कोपलीचा मालक सॅव्ही गेम्स, आणि सॅव्हीच्या मागे सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक फंड. इथे खेळणाऱ्याचं खातं आणि त्याची माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे जाते, त्यामुळे नवीन अटी पुन्हा मान्य करायला सांगितलं जातं. पोकेमॉन गो तर तुम्ही रस्त्यावर कुठे फिरताय हे पाहूनच चालतो, त्यामुळे तिकडच्या चाहत्यांची चिंता आपल्यापेक्षा मोठी होती.

तिसरा प्रकार आपल्याला सगळ्यात जास्त माहीत आहे, तो म्हणजे प्रकाशनाचा हक्क बदलणं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होतं. गेम मूळचा कोरियन, पण भारतात मोबाईलवर तो चालवायचा हक्क चीनच्या टेन्सेंटकडे होता. बंदीनंतर आठवडाभरात कोरियन कंपनीने भारतातला हक्क टेन्सेंटकडून काढून घेतला, ३० ऑक्टोबरला जुना गेम भारतात पूर्ण थांबला आणि २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आलं. गेम तोच, नकाशे तेच, पण चालवणारा हात वेगळा. या प्रकारात खेळणाऱ्याला सगळ्यात जास्त धावपळ करावी लागते. ती का, ते पुढे येतंय.

फोनच्या आत काय घडतं?

प्रत्येक अँड्रॉइड ॲपला एक पॅकेज नेम असतं. आपल्याला दिसतं ते ॲपचं नाव कधीही बदलता येतं, पण पॅकेज नेम म्हणजे ॲपचा आधार नंबरच समजा, तो बदलत नाही. प्ले स्टोअरवरची लिंक ब्राउझरमध्ये उघडली की 'आयडी' या शब्दापुढे तो दिसतो. जगभरातल्या पबजी मोबाईलचं पॅकेज नेम 'कॉम.टेन्सेंट.आयजी' आहे, आणि बीजीएमआयचं 'कॉम.पबजी.आयमोबाईल'. म्हणजे अँड्रॉइडच्या दृष्टीने ही दोन पूर्ण वेगळी ॲप्स. म्हणूनच २०२१ मध्ये जुन्या पबजीला अपडेट येऊन त्याचं बीजीएमआय झालं नाही, आपल्याला ते नव्याने टाकावं लागलं.

याच्या जोडीला असते सही, म्हणजे साइनिंग की. ॲप बनवणारा प्रत्येक आवृत्तीवर आपली डिजिटल सही करतो. अपडेट आलं की फोन पाहतो, जुन्या ॲपवरची सही आणि नव्या अपडेटवरची सही जुळते का? जुळली तरच अपडेट चढतं. त्यामुळे कोणी ऐरागैरा रियल क्रिकेटच्या नावाने खोटं अपडेट तुमच्या खऱ्या गेमवर चढवू शकत नाही. पण कंपनी विकली जाते तेव्हा ही किल्लीही व्यवहारात जाते. शिवाय गुगल प्ले एका डेव्हलपरच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात अख्खं ॲप हलवू देतं. रेटिंग, रिव्ह्यू, वापरणारे लोक सगळं सोबत जातं, आणि आपल्याला काही कळतही नाही. पुढचं अपडेट त्याच नळातून येतं, फक्त नळ सोडणारा हात बदललेला असतो.

एक दिलासा आहे. कॅमेरा, माइक, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स अशा नाजूक परवानग्या अपडेटमधून गुपचूप घेता येत नाहीत, अँड्रॉइड ६ पासून त्या तुम्हाला विचाराव्याच लागतात. क्रिकेटच्या गेमने अपडेटनंतर अचानक कॉन्टॅक्ट्स मागितले, तर 'नाही' दाबा आणि खेळत रहा. बहुतेक वेळा गेम तरीही चालतो.

खातं, सर्व्हर आणि 'माह्या टीमचं काय?'

आता मित्राच्या प्रश्नावर येऊया. आपण बनवलेली टीम, कमावलेली नाणी, उघडलेले मोड हे सगळं दोन ठिकाणी असू शकतं. एकतर फोनच्या मेमरीत, नाहीतर कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या खात्यासमोर. पाहुणा म्हणजे 'गेस्ट' म्हणून खेळणाऱ्याची ओळख फक्त त्या फोनपुरती असते. फोन फॉरमॅट झाला किंवा ॲप काढलं की ओळख गेली. गुगल, फेसबुक किंवा दुसरं खातं जोडलेलं असेल तर सर्व्हरवर तुमची वही राहते.

बीजीएमआयच्या वेळी हे लख्ख दिसलं. जुन्या पबजीतली माहिती नव्या गेममध्ये आणायची सोय कंपनीने दिली होती, पण त्यासाठी तुमची संमती लागत होती, आणि फेसबुक किंवा ट्विटर जोडलेलं असेल तर काम सोपं होतं. मुदत होती ३१ डिसेंबर २०२१. मुकुटबनमध्ये मी अशी पोरं पाहिली, ज्यांनी दोन वर्षं रात्री जागून कपडे आणि बंदुकांच्या स्किन जमवल्या होत्या आणि खातंच कशाशी जोडलेलं नव्हतं. त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. त्यात कंपनीने फसवलं असं नव्हतं, पण मुदत आणि अटी इंग्रजीत एका खिडकीत येऊन गेल्या आणि बहुतेकांनी 'पुढे' दाबलं.

म्हणजे मालक बदलला की खातं जातं असं नाही. मालक बदलल्यावर एक दिवस लॉगिनची पद्धत बदलते, आणि त्या दिवशी जो जागा नसतो त्याचं खातं जातं. आणि हा दिवस कधी येईल याचा नेम नाही. माईनक्राफ्ट मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये २.५ अब्ज डॉलरला घेतलं. जुन्या मोजांग खात्यांना मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर या, असं सांगणं नंतर सुरू झालं आणि शेवटची मुदत आली २०२३ मध्ये. पैसे देऊन घेतलेला गेम, तरी मुदत चुकली की जुन्या खात्यातून आत जाता येईना. सौद्यानंतर तब्बल नऊ वर्षांनी! तेव्हा रियल क्रिकेटच्या सौद्याला इतके दिवस झाले आणि काही बदललं नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. उद्या 'क्राफ्टनच्या खात्याने लॉगिन करा' अशी सूचना आली तर ती वाचा. तशी सूचना येणारच असं मी म्हणत नाही, पण मोठ्या कंपन्यांना आपले सगळे गेम एका खात्याखाली आणायला आवडतं हे दिसून येतं.

विकत घेतलेल्या गोष्टी आपल्या मालकीच्या असतात का?

नाही. ऐकायला वाईट वाटेल, पण जवळपास प्रत्येक गेमच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं की तुम्हाला फक्त वापरायचा परवाना मिळतो. नाणी, स्किन, मोड यांपैकी काहीही तुमच्या मालकीचं होत नाही आणि कंपनी ते बदलू किंवा बंद करू शकते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की डिजिटल वस्तू विकताना हा फक्त परवाना आहे हे दुकानाने स्पष्ट सांगायलाच हवं. युरोपातही मोठी चळवळ झाली. यूबीसॉफ्टने 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांना एकट्यानेही खेळता येईना. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम उभी राहिली आणि तिच्या युरोपातल्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. आपल्याकडे असं काही अजून नाही.

इथेच मला क्रिकेट ०७ आठवतो. ईए कंपनीचा हा कॉम्प्युटरवरचा गेम २००६ च्या शेवटी आला. त्यानंतर ईएने ती मालिका पुढे नेलीच नाही. तरी आजही लोक त्यात नवीन संघ, नवीन जर्सी, नवीन मैदानं टाकून तो खेळतात. का जगला तो गेम? कारण तो सीडीवर होता आणि त्याला कुठल्याही सर्व्हरची परवानगी लागत नव्हती. कंपनीने सोडला तरी चाहत्यांना धरून ठेवता आला. मोबाईलच्या गेमला हे भाग्य नाही. माझी खरी भीती ही आहे. मालक कोण आहे यापेक्षा गेम किती सर्व्हरवर टांगलेला आहे, याची मला जास्त काळजी वाटते.

आमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही मान टाकतो. अशा वेळी जुना रियल क्रिकेट नेट बंद करूनही एकट्याने खेळता येतो, ही त्याची सगळ्यात मोठी ताकद होती. बीजीएमआय मुळातच ऑनलाइन गेम, त्याला ही अडचण कळणार नाही. क्राफ्टनने क्रिकेटमध्ये ग्राफिक्स वाढवले, दोन खेळाडूंची ऑनलाइन लढत सुधारली, तर शहरातली पोरं खूश होतील. पण ४ जीबी रॅमच्या फोनवर आणि एका काडीच्या नेटवर्कवर खेळणाऱ्यासाठी ऑफलाइन मोड राहिला पाहिजे. चाहता म्हणून मी कंपनीकडे एकच गोष्ट मागेन, ती हीच.

खेळाडूंची नावं कुठे जातात?

हा भाग थोडक्यात. रोहित, विराट, स्मिथ ही नावं आणि आयपीएल संघांचे लोगो गेममध्ये वापरायला परवाने लागतात. अनेक वर्षं आपल्या क्रिकेट गेममध्ये नावं थोडी मोडून लिहिलेली असायची, ती याच कारणाने. परवाने ठरावीक काळाचे असतात आणि महाग असतात. मोठा मालक आला की खिशात पैसे येतात, म्हणून या एका बाबतीत विक्री चाहत्याच्या फायद्याची ठरू शकते. उलटंही होतं. ईए आणि फिफाचं जमलं नाही, तेव्हा २०२३ मध्ये त्याच फुटबॉल गेमचं नाव बदलून ईए स्पोर्ट्स एफसी झालं. खेळ ईएकडे राहिला, नाव फिफाकडे. आणि आता खुद्द ईए विकत घ्यायचा सौदा सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला, तोही ५५ अब्ज डॉलरचा, आणि घेणाऱ्यांत पुन्हा तोच सौदीचा फंड. ११८ कोटींचा आपला सौदा त्यासमोर चिल्लर वाटतो.

नवीन मालकाचा आधीचा रेकॉर्ड कसा आहे?

मला विचाराल तर बातमीतली गोड वाक्यं वाचण्यापेक्षा हे पाहणं जास्त उपयोगाचं. 'आम्ही स्टुडिओला स्वातंत्र्य देऊ' हे प्रत्येक खरेदीदार म्हणतो.

क्राफ्टनच्या नावावर एक चांगली गोष्ट आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये जपानमधला टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करायचं ठरवलं. त्यांचा 'हाय-फाय रश' हा गेम लोकांना फार आवडला होता, तरी. ऑगस्ट २०२४ मध्ये क्राफ्टनने तो स्टुडिओ आणि त्या गेमचे हक्क आपल्याकडे घेतले. बुडणारी नाव कोणीतरी ओढून काढली, याचं चाहत्यांनी स्वागत केलं.

दुसरी बाजूही आहे. २०२१ मध्ये क्राफ्टनने अमेरिकेतला अननोन वर्ल्ड्स स्टुडिओ घेतला, 'सबनॉटिका' बनवणारा. ५० कोटी डॉलर आधी, आणि ठरलेली कमाई झाली तर आणखी २५ कोटी डॉलरपर्यंत नंतर, असा करार होता. अशा नंतरच्या रकमेला अर्न-आउट म्हणतात. जुलै २०२५ मध्ये क्राफ्टनने स्टुडिओच्या तीन प्रमुखांना पदावरून काढलं आणि 'सबनॉटिका २' पुढच्या वर्षावर ढकलला. प्रमुखांचं म्हणणं, ती नंतरची रक्कम द्यायला लागू नये म्हणून हे केलं. क्राफ्टनचं म्हणणं, गेम तयारच नव्हता आणि प्रमुखांचं लक्ष नव्हतं. प्रकरण अमेरिकेत डेलावेअरच्या कोर्टात गेलं. कोण बरोबर हे मी इथे बसून ठरवणार नाही. पण स्टुडिओ विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गणितं वेगळी असतात आणि त्यात गेम लांबतो, एवढं त्यातून दिसतं.

बीजीएमआयचा अनुभव तर आपल्या घरचाच. २८ जुलै २०२२ ला तो गेम स्टोअरमधून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. त्या दहा महिन्यांत कंपनीने भारत सोडला नाही, हेही खरं. क्रिकेटचा गेम घेणं हा भारतात पाय रोवून राहण्याचाच भाग दिसतो. ज्या देशात राहायचं आहे त्या देशाचा आवडता खेळ कोणी मुद्दाम बिघडवेल, असं मला वाटत नाही. बिघडलाच तर जास्त कमाई करण्याच्या हव्यासाने बिघडेल. म्हणून सौद्यानंतरच्या अपडेटमध्ये ग्राफिक्सच्या आधी दुकानाचं पान पहा. आधी खेळून मिळणारी गोष्ट आता फक्त पैशांनी मिळते का? जाहिराती वाढल्या का? सीझन पास आला का? मालकाचा विचार पहिल्यांदा तिथे कळतो.

याआधीचं क्रिकेटचंच एक उदाहरण सांगतो. वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप बनवणाऱ्या चेन्नईच्या नेक्स्टवेव्ह मल्टीमीडियामध्ये मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने २०१८ मध्ये मोठा हिस्सा घेतला होता. तेव्हाही 'आता संपलं' म्हणणारे होते. २०२० मध्ये डब्ल्यूसीसी ३ आला आणि लोक त्यालाही जुन्याशी तोलत खेळायला लागले.

आपल्या माहितीचं काय?

प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमच्या पानावर 'डेटा सेफ्टी' हा भाग असतो. कोणती माहिती गोळा होते, कोणाला दिली जाते, ती पुसून घेता येते का, हे तिथे लिहिलेलं असतं. फक्त लक्षात ठेवा, ते कंपनीने स्वतःच भरून दिलेलं असतं. मालक बदलल्यावर गेमचं गोपनीयता धोरण बदललं का हे पाहायचं असेल तर त्या पानावरची तारीख बघा आणि 'समूहातील कंपन्या' किंवा तशा अर्थाचे शब्द शोधा. खरी वाट तिथून असते. नॉटिलसची माहिती क्राफ्टनच्या दुसऱ्या कंपन्यांना वापरता येईल का, हे त्या वाक्यावर ठरतं.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत, कंपन्यांना मुख्य तरतुदींसाठी १८ महिने मिळाले आहेत. त्यानंतर संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क तुम्हाला पक्का मिळेल. १८ वर्षांखालच्यांसाठी आईवडिलांची पडताळलेली संमती लागेल. म्हणजे बारावीपर्यंतच्या मंडळींनो, गेम खेळायला घरून परवानगी हा आता कायद्याचाही विषय झालाय!

आत्ता काय करून ठेवायचं?

सगळ्यात आधी गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन खातं गुगलशी किंवा जे पर्याय असतील त्यांच्याशी जोडा. दोन जोडता येत असतील तर दोन्ही जोडा. ज्या जीमेलला जोडताय त्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे ना? आमच्याकडे अर्ध्या फोनमधलं जीमेल दुकानदाराने फोन घेताना बनवून दिलेलं असतं आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. तसं असेल तर आधी त्या जीमेलला तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर जोडून पासवर्ड बदलून घ्या. मग गेममधला प्लेअर आयडी दिसतो त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर कंपनी पहिल्यांदा तोच विचारते.

पैसे खर्च केले असतील तर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर दाबा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' मध्ये 'बजेट अँड हिस्ट्री' उघडा. प्रत्येक खरेदीचा ऑर्डर नंबर असतो, तो जपून ठेवा. नुकतीच केलेली खरेदी चालत नसेल तर ४८ तासांच्या आत गुगलकडे पैसे परत मागता येतात. त्यानंतर गेमच्या कंपनीशीच बोलावं लागतं.

मोठं अपडेट आल्यावर दोन दिवस थांबायचं असेल तर प्ले स्टोअरवर गेमचं पान उघडून वर उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि 'एनेबल ऑटो अपडेट' वरची खूण काढा. इतरांचे रिव्ह्यू वाचा, त्यातही 'नवीन आधी' हा क्रम लावून. ऑनलाइन मोडला मात्र जुनी आवृत्ती फार दिवस चालत नाही.

आणि हो, मालक बदलल्याची बातमी आली की टेलिग्रामवर 'सगळं अनलॉक' म्हणणाऱ्या मॉड फायली धडाधड फिरायला लागतात. त्यांच्यावर मूळ कंपनीची सही नसते, त्यामुळे त्या टाकायला तुमचा खरा गेम आधी काढावा लागतो. 'आधीचं ॲप अनइन्स्टॉल करा' असं सांगणारी कुठलीही फाइल दिसली की तिथेच थांबा. खातं कशाशी जोडलेलं नसेल तर त्या एका अनइन्स्टॉलमध्ये तुमची टीम जाईल, त्यासाठी कंपनी विकली जायचीही गरज नाही.